रगताचं काय झालं?

बाबांच्या खिशाला पेन नसायचं, नळी असायची. वीतभर काचेची नळी, तिला जोडलेली हातभर रबरी नळी आणि दोघींच्या सांध्यात मच्छरदाणीच्या कापडाचा चिमुकला तुकडा. रबराचं टोक ओठांत धरायचं, काचेचं तोंड भिंतीवरच्या डासाजवळ न्यायचं आणि हलकेच श्वास ओढायचा. डास नळीत. तो कापडाचा तुकडा नसता तर थेट घशात गेला असता. मग हलकी फुंकर मारून त्याला परीक्षानळीत सोडायचं, वर कापसाचा बोळा. जोरात ओढलं तर डास चेंगरतो आणि चेंगरलेला डास उपयोगाचा नाही, हे मला सहावीत असतानाच माहीत होतं.

पदाचं नाव 'कीटक समाहारक'. गावात हा शब्द कोणी कधी उच्चारला नाही. बाबा होते 'मच्छरवाले बाबू'. माझ्या लग्नाच्या वेळी पाहायला येणाऱ्या मंडळींना "आरोग्य खात्यात आहेत" एवढंच सांगायचं, पुढचं विचारलं तर चहा पुढे करायचा, असं आईने बजावून ठेवलं होतं.

आमचा भाग नागपूर जिल्ह्याच्या पूर्वेचा, वैनगंगेच्या अलीकडचा. धान, मिरची, तलाव आणि डास. इथल्या जुन्या माणसांना हत्तीपाय म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. प्रत्येक गावात एखादा तरी असा पाय सपरीत बसलेला असायचाच. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, हा सगळा पट्टाच हत्तीरोगाचा.

दिवाळीच्या सुट्टीत बाबा मला टॉर्च धरायला न्यायचे. पहाटे सहाला दुसऱ्याच्या घरात, तेही झोपायच्या खोलीत शिरायचं म्हणजे काय संकोच! बाया पदर सावरत उठायच्या, कोणाचं पांघरूण अर्धवट, कोपऱ्यात रात्रीचं जेवणाचं भांडं तसंच. बाबा मान खाली घालून थेट भिंतीकडे जायचे. खुंटीवरच्या कपड्यांमागे, बाजेखाली, देवाच्या कॅलेंडरच्या पाठीमागे. रात्री रक्त पिऊन जड झालेली मादी तिथेच बसलेली सापडते. मलेरियाचा डास भिंतीवर तिरपा बसतो, डोक्यावर उभा राहिल्यासारखा. हत्तीरोगाचा क्युलेक्स मात्र भिंतीला समांतर, वळकटी पसरून पडल्यासारखा. एका माणसाने एका तासात किती डास धरले, हे त्यांचं मोजमाप होतं. तो आकडा दर महिन्याला वरच्या कार्यालयात जायचा. मला तेव्हा वाटायचं, सरकारला आमच्या बाबांचा वेग पाहिजे आहे.

मोजून झालं की डासाची चिरफाड. काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब, दोन सुया, वर सूक्ष्मदर्शक. डोकं, छाती, पोट वेगळं करायचं आणि आत हत्तीरोगाची अळी हलते आहे का बघायचं. ती डासाच्या अंगात पोसायला दहा-बारा दिवस लागतात. त्याआधी डास मेला तर अळीही संपली. बाबा म्हणायचे, "बहुतेक डास बिचारे निर्दोषच निघतात." बिचारे हा शब्द त्यांचा.

पण सगळ्यात विलक्षण काम रात्रीचं.

हत्तीरोगाची पिल्लं, म्हणजे सूक्ष्म अळ्या, दिवसा बोटाच्या रक्तात सापडत नाहीत. दिवसभर त्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडी मारून असतात आणि रात्री, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान, कातडीलगतच्या रक्तात येतात. क्युलेक्सची चावायची वेळही तीच. माणसाच्या अंगातल्या किड्याने डासाचं वेळापत्रक पाठ केलेलं! डास माणसाच्या रक्तातून ही पिल्लं उचलतो, हे पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने १८७७ साली चीनमध्ये स्वतःच्या आजारी नोकराच्या रक्तावरून दाखवलं. बाबांना मॅन्सनचं नाव प्रशिक्षणात कळलं होतं, पण गावात सांगताना त्यांचं उदाहरण वेगळं असे: "रानडुक्कर दिवसा दिसते का? झुडपात राहते. वावरात रात्रीच येते. मोजाचं असन तर रात्रीच जा लागन न जी."

म्हणून रात्रीची फेरी. सांजच्याला कोतवाल दवंडी देऊन जायचा. साडेआठ-नऊला जीप यायची, पेट्रोमॅक्स पेटायची आणि घराघरातून झोपलेली माणसं उठवायचं काम सुरू व्हायचं. कुत्री भुंकून भुंकून थकायची. दिवसभर रोवणी करून पाय धरलेल्या बाईला रात्री अकराला "बोट दाखवा" म्हणणं हे काम कसं वाटत असेल, याचा विचार मी फार उशिरा केला. झोपलेल्या पोरांचं बोट तर ती जागी व्हायच्या आतच टोचलं जायचं. सकाळी उठून बोटावरचा टिपका बघून रडायची. एका म्हाताऱ्याने बाबांना विचारलेलं मला पक्कं आठवतं, "दिवसा काय रगत सुट्टीवर जाते का जी?"

"हो," बाबा म्हणाले, "तसंच समजा."

डाव्या हाताचं बोट, स्पिरिटचा बोळा, टोचणी, २० घन मिलिमीटर रक्त. काचपट्टीवर ते पसरवायचं, क्रमांक टाकायचा, रजिस्टरात नाव, वय, घर क्रमांक. रक्त तसंच रात्रभर वाळू द्यायचं. जीप कधी कधी आमच्या गावात मुक्कामाला थांबायची, तेव्हा पट्ट्यांचा डबा आमच्या घरी. मुंग्या आणि झुरळं वाळलेलं रक्त खातात. एका रात्रीत पट्टीच्या पट्टी साफ करतात. त्यामुळे आई ज्या परातीत पाणी घालून गुळाचा डबा ठेवायची, तिच्याच शेजारी दुसऱ्या परातीत पाणी घालून बाबा गावाचं रक्त ठेवायचे. दोन डबे, दोन पराती, भोवती पाण्याचे खंदक. आई म्हणायची, एक दिवस मी झोपेत चुकीचा डबा उघडीन.

सकाळी त्या पट्ट्या पाण्यात बुडवून रक्ताचा लाल रंग काढून टाकायचा, मग रंगद्रव्य चढवायचं. हे काम प्रयोगशाळेतल्या माणसाचं. एकदा त्याने मला सूक्ष्मदर्शकातून अळी दाखवली. वळणदार, नाजूक, आत जांभळ्या ठिपक्यांची माळ. कोणाच्या तरी हातून सुटलेला रेशमाचा धागा वाटला. कोणाच्या रक्तातला, ते त्याने सांगितलं नाही. सांगायचं नसतं.

आमची मोठमाय, बाबांच्या थोरल्या चुलतभावाची बायको, तिचा उजवा पाय गुडघ्याखाली खांबासारखा होता. कातडी जाड, चिरा पडलेली, बोटांच्या बेचक्यांत ओल. पावसाळ्यात तिला थंडी वाजून ताप भरायचा, पाय लाल होऊन ठणकायचा, चार दिवस ती उठायची नाही. लग्नात पंगतीला तिला कडेला बसवायचे. तिच्या हातचं पाणी काही घरांत चालत नसे. तोंडावर कोणी काही बोलायचं नाही, पेला तेवढा उचलला जायचा नाही.

त्या वर्षीच्या फेरीत मोठमायचंही रक्त घेतलं. आठवड्याभराने बाबा गोळ्यांच्या पुड्या घेऊन गावात आले. ज्यांच्या रक्तात अळी सापडली त्यांना डीईसी या अळ्या मारणाऱ्या औषधाच्या गोळ्या बारा दिवस. चार घरी पुड्या गेल्या. त्यातली एक कबड्डीच्या संघातल्या एका पोराच्या घरी, ज्याच्या मांड्या बघून पोरी हसायच्या. मोठमायच्या घरी पुडी गेली नाही.

ती दोन दिवस वाट बघून आमच्याकडे आली. सपरीत बसली, पाय लांब करून.

"भाऊजी, माह्या रगताचं काय झालं जी?"

"काही नाही निघालं, वहिनी. साफ आहे."

"साफ?" तिने स्वतःच्या पायाकडे बघितलं. "मंग हे काय आहे?"

बाबा गप्प झाले. उत्तर त्यांना माहीत होतं. आज मलाही माहीत आहे. अळी अंगात शिरते तेव्हा माणूस धडधाकट असतो आणि वर्षानुवर्षं धडधाकटच दिसतो. मोठे किडे लसीकावाहिन्यांत पाच-सात वर्षं राहतात, रोज हजारो पिल्लं रक्तात सोडतात आणि माणसाला पत्ता नसतो. त्या वाहिन्या निकामी होऊन पाय सुजेपर्यंत किडे बहुतेक मरून गेलेले असतात, रक्त रिकामं झालेलं असतं. म्हणजे पाय दिसतो त्याच्यापासून कोणालाच धोका नाही आणि ज्याच्यापासून आहे त्याचं काहीच दिसत नाही. गाव मोठमायच्या पेल्याला हात लावत नव्हतं आणि कबड्डीतल्या पोराबरोबर एका ताटात जेवत होतं. अर्थात जेवल्याने हा रोग होतच नाही, पेला असो की ताट.

पण हे सगळं मोठमायला सांगायला रजिस्टरमध्ये रकाना नव्हता. पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, गोळ्या दिल्या, नाही दिल्या. 'समजावून सांगितलं' असा रकाना मी तरी कधी पाहिला नाही. बाबांनी तिला एवढंच सांगितलं, "पाय रोज साबणाने धुवत जा, बोटांच्या मधात कोरडा करा, रात्री उशीवर ठेवा." हा सल्ला तेव्हा तिला टाळाटाळ वाटला. आज त्या सल्ल्यालाच सरकारी संच आहे: टब, मग, साबण, टॉवेल, मलम. चिरांमधून जंतू शिरले नाहीत तर तापाचे ते झटके येत नाहीत आणि पाय वाढत नाही. मोठमायच्या हयातीत टब आला नाही. ती घंगाळ्यात पाय धुवायची.

कार्यक्रमाचा इतिहास बघितला तर तिच्यासारख्यांना त्यात फारशी जागाच नव्हती. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ चा. सुरुवातीला सगळ्यांना गोळ्या देऊन पाहिल्या, औषध फवारून पाहिलं. गोळ्यांनी लोकांना ताप यायला लागला तसे लोक पळायला लागले, फवारणीला डास दाद देईनात. मग भर दिला तो गटारं, डबकी, नाल्या यांतल्या अळ्या मारण्यावर, आणि तोही मुख्यतः शहरांत. खेड्यातलं रक्त मोजलं जात होतं, औषध नागपूरच्या गटारात पडत होतं. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. पैसा आणि माणसं तेवढीच होती. पण आमच्या गावाच्या बोटाला दर काही वर्षांनी भोक पडायचं आणि गाव विचारायचं, आमच्या रगताचं काय झालं? कोणी तरी कुठे तरी मोजत होतं, एवढंच खरं.

आता इथे मी माझ्या स्वतःच्या चिडीला थोडा लगाम घालते, कारण त्या मोजणाऱ्यांची दुसरी बाजू मला चांदीपुऱ्यामुळे कळली.

१९६५ साली नागपुरात तापाची साथ होती, डेंग्यू-चिकुनगुन्याची. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, रुग्णांचं रक्त तपासायला नेलं. त्यातल्या दोन रुग्णांच्या रक्तात वेगळाच विषाणू निघाला, तोवर जगात कोणी न पाहिलेला. वस्तीच्या नावावरून त्याचं नाव पडलं, चांदीपुरा. ते दोघे कोण होते, बरे होऊन घरी गेल्यावर त्यांना कोणी सांगितलं का की बाबा रे, तुमच्या रक्तातून एक नवा विषाणू मिळाला आहे? मला नाही वाटत. गावाचं नाव मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत गेलं.

हा विषाणू फारसा घातक नसावा असं बराच काळ मानलं गेलं. गोठवून ठेवलेला, नोंदलेला, कोणाच्या फारशा उपयोगाचा नसलेला. एखाद्या कडक लेखापरीक्षकाने तेव्हा विचारलं असतं की हे जपून ठेवायचा खर्च कशाला, तर उत्तर देणं अवघड गेलं असतं. आणि २००३ च्या उन्हाळ्या-पावसाळ्याच्या सांध्यावर आंध्र प्रदेशात लहान मुलं ताप येऊन, झटके येऊन, दिवसा-दोन दिवसांत मरू लागली. ३२९ मुलांना लागण, १८३ मृत्यू. पुण्याच्या संस्थेने शोध घेतला आणि तो निघाला अडतीस वर्षांपूर्वी नागपुरात सापडलेला चांदीपुरा. ओळखता आला, कारण ओळख आधी झालेली होती. पुढे २००७ मध्ये तो आमच्याच नागपूर विभागात आला.

त्या वर्षी बाबांच्या निवृत्तीला थोडा अवधी होता. चांदीपुरा पसरवते ती वाळूमाशी, म्हणून डासांच्या ऐवजी आता ती शोधायची होती. डासाहून कितीतरी लहान, मच्छरदाणीच्या भोकातून आरामात आत येणारी, मातीच्या भिंतीच्या फटीत आणि गुरांच्या कोठ्यातल्या ओल्या कोपऱ्यात राहणारी. बाबा घराघरात सांगत फिरले, "फटी लिंपा, कोठा कोरडा ठेवा, लेकरं जमिनीवर उघडी झोपवू नका." एका घरी आई रागाने म्हणाली, "चाळीस वर्षं झाले मच्छर पाहून राह्यले तुम्ही, आता हे नवीन काय?" बाबांनी तिच्याच भिंतीच्या फटीत टॉर्च मारला आणि उडी मारत सरकणारा तो केसाळ ठिपका तिला दाखवला. शब्दाने जे होत नव्हतं ते त्या ठिपक्याने केलं. दुपारपर्यंत तिने अर्धी भिंत लिंपली होती.

सरकारी आरोग्य यंत्रणेची आठवण लांब असते, हे मी तेव्हा मान्य केलं. तोंड मात्र तिचं बंद असतं, हे माझं मत अजून बदललेलं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत सिकलसेलच्या तपासणीला एक पथक आलं. सिकलसेल म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. विदर्भात हा आजार किती खोल रुजलेला आहे, ते इथल्या शिक्षकांना हजेरीपटावरून कळतं. थंडी पडली की तीच ती मुलं गैरहजर. शाळेतली चाचणी साधी: नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, मागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पण मूल नुसतं वाहक आहे की प्रत्यक्ष आजारी, हे या चाचणीत कळत नाही. त्यासाठी रक्त पुढे पाठवावं लागतं. वाहक म्हणजे एएस, त्याला सहसा काही त्रास नाही. आजारी म्हणजे एसएस. आई आणि बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. 'प्रत्येक' हा शब्द मी पालकांना तीनदा सांगते, कारण लोकांना वाटतं एक मूल आजारी झालं म्हणजे वाटणी संपली, आता पुढची तीन ठणठणीत.

सहावीतल्या एका मुलीच्या रेघा दिसेनाशा झाल्या. तिचे गुडघे-कोपरे दुखायचे, कवायतीला ती खाली बसायची, आणि आमच्यातल्याच एका शिक्षकाने तिला आळशी ठरवलेलं होतं. खरं सांगायचं तर दोघांनी, दुसरी मी. तिचं रक्त पुढे पाठवलं. महिना गेला, दोन गेले. तिचा बाप, मिरचीच्या तोडीवर जाणारा माणूस, दर बाजाराच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी यायचा.

"मॅडम, पोरीच्या रगताचं काय झालं?"

मोठमाय सपरीत पाय पसरून बसलेली मला त्या फाटकाशी दिसली. मी तालुक्याला दोनदा जाऊन आले. "अहवाल वर पाठवला आहे." वरून कुठे येतो? "खाली येईल." वर्ष संपलं. शेवटी मुलीच्या आईने तिला नागपूरला नेलं, तिथे नव्याने रक्त दिलं, एसएस निघालं. फॉलिक अॅसिड, हायड्रॉक्सियुरिया, भरपूर पाणी, थंडीत पायमोजे. पोरगी कवायतीला अजूनही बसते, पण आता तिला खुर्ची मिळते. पहिला कागद आजतागायत आलेला नाही.

१ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ चं लक्ष्य. सात कोटी हा आकडा भाषणात ऐकायला बरा वाटतो. मला त्यातलं आवडलं ते कार्ड. तपासलेल्याच्या हातात त्याचं स्वतःचं कार्ड. तुझ्या रगताचं हे झालं, घे. सात कोटींपैकी किती कार्डं खरोखर हातांत पडतात यावर या अभियानाची किंमत ठरवावी, असं माझं साधं गणित आहे.

हत्तीरोगाकडे परत येते. २००४ पासून वर्षातून एकदा सगळ्या गावाला गोळ्या देण्याची मोहीम सुरू झाली. आधी डीईसी, मग २००७ पासून जोडीला अल्बेंडाझोल. सगळ्यांना का, तर अळी कोणाच्या रक्तात आहे ते चेहऱ्यावरून कळत नाही. दरवर्षी का, तर गोळ्या पिल्लांना मारतात, मोठ्या किड्यांना पुरत्या मारत नाहीत. ते मरेपर्यंत पिल्लं संपवत राहायची. ही दोन उत्तरं दोन मिनिटांत देता येतात. पण मोहिमेच्या दिवशी दोन मिनिटं कोणाकडे असतात? एका वर्षी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, गोळ्या वाटणारा माणूस दारातूनच मोजून देत होता, "रात्री जेवून खा जा" म्हणत होता आणि रजिस्टरात 'खाल्ल्या' लिहीत होता. पुढच्या आठवड्यात मी ज्या घरी हळदीकुंकवाला गेले, तिथल्या देवळीत देवाशेजारी पाच माणसांच्या गोळ्या रचून ठेवलेल्या होत्या. सरकारने दिलेली वस्तू, टाकवतही नाही, खाववतही नाही.

आणि ज्यांनी खाल्ल्या त्यांच्यातल्या काहींना ताप आला, चक्कर आली. गावात बोभाटा: गोळ्याच विषारी. खरं तर अळ्या अंगात मोठ्या संख्येने मेल्या की त्याची प्रतिक्रिया म्हणून ताप येतो. ज्याच्या रक्तात अळ्या नाहीत त्याला सहसा काही होत नाही. म्हणजे ज्याला त्रास झाला त्यालाच औषधाची खरी गरज होती, आणि तोच पुढच्या वर्षी दार लावून घेतो.

२००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात हत्तीरोग २०१५ पर्यंत संपवायचा होता. आता लक्ष्य २०२७ चं आहे. आमच्याकडे लग्नाच्या तारखाही इतक्या पुढे जात नाहीत.

मधल्या काळात एक गोष्ट मात्र खरोखर बदलली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये तीन औषधं एकत्र द्यायची शिफारस केली. डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या जोडीला आयव्हरमेक्टिन. २०१९ च्या जानेवारीत हे आमच्या नागपूर जिल्ह्यात सुरू झालं, देशातल्या अगदी पहिल्या जिल्ह्यांमध्ये. दोन औषधांनी वर्षानुवर्षं जे होत नव्हतं ते तिघांच्या थोड्या फेऱ्यांत व्हावं अशी अपेक्षा. आयव्हरमेक्टिनचं नाव वाचून आमच्या गल्लीतला एक शेतकरी हसत सुटला. "हे त आमी बैलाले टोचतो जी!" बरोबरच होतं. जपानमधल्या मातीतल्या एका जीवाणूपासून हे औषध आलं, आधी गुरांच्या किड्यांवर चाललं, मग माणसांवर. शोधणाऱ्या ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. गोळ्या घेऊन आलेली आशाताई गोंधळली. बाबा ओट्यावरून म्हणाले, "बैलाले चालते त तुले कायले नाही चालन? बैलाची किंमत तुह्यापेक्षा जास्त आहे." तो माणूस गोळ्या खाऊन गेला. आरोग्य शिक्षणाच्या पुस्तकात ही पद्धत सापडायची नाही.

आयव्हरमेक्टिन उंचीवर देतात. आशाताईकडे रंगीत पट्टे मारलेली काठी होती. पूर्ण वाढलेल्या माणसाला चार, थोडा बुटका असेल तर तीन. डीईसीच्या तीन, अल्बेंडाझोलची एक चावून. म्हणजे तळहातावर आठ गोळ्या. बाबा एकोणसत्तर वर्षांचे. चपला काढून भिंतीला टेकून उभे राहिले, छाती काढून.

"काका, तीन येतात तुम्हाला."

"चार. सर्व्हिस बुकात पाच फूट तीन इंच आहे माझी उंची."

"तेव्हाची असन, काका. काठी पाहा न."

बाबांनी मान वळवून काठी पाहिली. पट्ट्याची रेघ त्यांच्या डोक्याच्या वर बोटभर होती. ते काही बोलले नाहीत. जेवण झालं आहे का, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत का, तिने नीट विचारलं. मग समोर उभं राहून सातही गोळ्या खायला लावल्या, डाव्या बोटाला शाई लावली, दारावर खडूने खूण केली. देवळीत काही जाऊ दिलं नाही. मला ती मुलगी फार आवडली.

रात्री साडेदहाला बाबांनी मला हाक मारली. अंग गरम होतं, डोकं जड, उठलं की गरगरत होतं. मी घाबरून आशाताईला फोन लावायला निघाले तर त्यांनी हात धरला. पॅरासिटामॉल दे म्हणाले, पाणी दे. घाबरलेले नव्हते. विचारात होते.

"एवढी वर्षं," ते म्हणाले, "सगळ्यांची बोटं टोचली. रजिस्टरमध्ये कर्मचाऱ्याचं नाव येत नाही. माझी पट्टी कधी झालीच नाही."

मी म्हटलं, थंडीचाही ताप असेल.

"असेल." बराच वेळ ते डाव्या हाताच्या शाई लावलेल्या बोटाकडे बघत राहिले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. अकराला दहा कमी होते, पट्टी घ्यायची ऐन वेळ.

"आता घेऊन उपयोग नाही," ते म्हणाले. "गोळ्यांच्या आधी घ्यायला पाहिजे होतं."